नववी हाक

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
नवी वही. तीन ठराव. रोज लिहायचं. बाबांच्या खोलीच्या दाराचा नॉब घट्ट करायचा. आतून तो नुसताच गोल गोल फिरतो. आणि चिडायचं नाही, अगदी ऑफिसातल्या शंकासुरावरसुद्धा.

बाबा काल आले. महिनाभर राहून बघतो म्हणाले. जमलं तर इथेच, नाहीतर ताईकडे. ताईने लगेच फोन करून विचारलं की तुला झेपणार आहे का. मोठी बहीण आहे, बोलू दिलं. झेपणार आहे का म्हणे! सोळा वर्षं मशीनची मेमरी सांभाळतोय, एक बाप सांभाळता येणार नाही? आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच कुणाकडे राहायला आलेत, आणि ते माझ्याकडे आलेत. ते इथेच राहायला हवेत. बस्स.

खोली मी शास्त्रशुद्ध लावलीय. जुन्या घरी टेप घेऊन मापं काढली, फोटो काढले. खाट, टेबल, आरसा, घड्याळ, सगळं जशाच्या तसं कॉपी. बाबांना वाटणारसुद्धा नाही की घर बदललंय.

७.४०
बाबांनी उठल्या उठल्या उशाकडच्या भिंतीवर हात फिरवून दिव्याचं बटण शोधलं. जुन्या घरी तिथे होतं. इथे दाराजवळ आहे. होईल सवय.

४ मार्च, मंगळवार
आज एक सेट घरी आणला. आमची कंपनी रुग्णालयांसाठी हाकेची यंत्रणा बनवते. रुग्णाने खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावरच्या पॅनेलवर हाक उमटते, आणि नर्स 'पाहिलं' दाबेपर्यंत यादीत राहते. ही यादी सांभाळणारा कोड माझा. नऊ वर्षांपूर्वी एकहाती लिहिला. नावही मीच ठेवलं: पेटारा. हल्लीची मंडळी लायब्ररीतली तयार यादी उचलतात. मी नाही उचलत. घरचं ते घरचं.

२६ तारखेला एका रुग्णालयात डेमो, बारा खाटांचा वॉर्ड. त्याआधी घरी चाचणी: बटण बाबांच्या खाटेला, पॅनेल हॉलमध्ये माझ्या टेबलावर. बाबांची सोय, माझी टेस्टिंग.

बाबा आयुष्यभर टेलिफोन खात्यात लाइनमन होते. बटण उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, पलीकडे कोण असतं. मी म्हटलं, पॅनेल. ते म्हणाले, तसं नाही, कोण असतं. मी पुन्हा म्हटलं, पॅनेल. वय झालंय.

७ मार्च, शुक्रवार
शंकासुराने आज माझं डोकं खाल्लं. टेस्टिंगची बाई. वय माझ्या निम्मं, शंका माझ्या दुप्पट. तिचं म्हणणं असं की आठ हाका येईपर्यंत पॅनेल ठीक चालतं आणि नववीला पडतं.

मी तिच्यासमोर माझ्या लॅपटॉपवर चालवून दाखवलं. नऊ हाका. नव्वद. नऊशे. एक हू नाही की चू नाही. ती म्हणाली, लॅपटॉपवर नको, पॅनेलवर दाखवा. पॅनेलवर नवव्या हाकेला काळोख झाला. योगायोग.

मग तिने फळ्यावर चौकोन काढून मलाच समजावलं. पेटाऱ्यात आठ हाकांची जागा. नववी आली की मोठी जागा मागून घ्यायची, जुन्या आठ तिथे कॉपी करायच्या, जुनी जागा परत करायची. इथपर्यंत मान्य, मीच लिहिलंय. पुढे म्हणाली की तुम्ही बरोबरचं चिन्ह वापरून कॉपी करता. त्या चिन्हाचा अर्थ, तिथे आधीच एक हाक बसलीय, तिचं आवरा आणि हिला बसवा. पण नव्या जागेत कुणीच बसलेलं नसतं. आधीच्या बिऱ्हाडाचा केरकचरा असतो नुसता. मशीन त्या कचऱ्यालाच हाक समजतं, तिचं नाव पुसायला जातं आणि आपटतं. तुमच्या लॅपटॉपवर नवी जागा शून्यांनी धुऊन मिळते, तिथे आवरण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथे निभावतं.

मी म्हटलं, रिकामी जागा म्हणजे रिकामी जागा. ती म्हणाली, रिकामी आहे असं तुम्ही समजता. हे बोलणं झालं का?

९ मार्च, रविवार
बाबांचे शर्ट व्यायामाच्या सायकलवर टांगलेत. सायकल माझी, वापरात यायचीय. खोलीतलं कपाट माझ्या वायरींनी आणि जुन्या बोर्डांनी भरलंय. ही, म्हणजे बायको, म्हणाली की कपाट आधी रिकामं कर, मग त्यांचं सामान लाव. मी म्हटलं, तात्पुरतं आहे. ती म्हणाली, सायकलही तात्पुरतीच होती.

बाबांचा हात अजून रोज त्या भिंतीवर जातो.

नॉबचं काम काढलं. स्क्रूड्रायव्हर सापडला, चपटा निघाला. स्क्रू फुलीचा आहे. उद्या आणतो.

११ मार्च, मंगळवार
सुटलं! बरोबरचं चिन्हच काढून टाकलं. आता आठही हाकांची मेमरी बाइटच्या बाइट उचलायची आणि नव्या जागी ठेवायची. एका फटक्यात. वेगही वाढला. पॅनेलवर नऊ हाका दाबल्या, नववी दिसली! साहेबांना तिथल्या तिथे मेल टाकली.

दुपारी ३.१५
शंकासुर हजर. तिच्या पॅनेलवर 'खाट ३' च्या जागी 'खा' आणि पुढे दोन चौकोन. तिचं स्पष्टीकरण: हाकेच्या आत नाव नसतं, नाव कुठे ठेवलंय त्याचा पत्ता असतो. तुम्ही पत्ता उतरवून घेतला आणि जुनी हाक मोडताना नाव पुसून टाकलं. आता नवी हाक पुसलेल्या नावाकडे बोट दाखवत बसलीय. आणि ही नवी हाक मोडायची वेळ येईल तेव्हा तेच नाव दुसऱ्यांदा पुसायला जाल, तेव्हा पुन्हा काळोख.

मी म्हटलं, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. फॉन्टवाल्यांना कडक मेल पाठवली.

१३ मार्च, गुरुवार
काल दिवसभर काळोख. सात वेळा पडलं. फॉन्टवाल्यांचं उद्धट उत्तर. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं आणि विचारलं, सव्वीसला होतंय ना, नाहीतर आत्ताच सांग, दुसऱ्या टीमला देतो. मी म्हटलं, होतंय. तोंडातून निघूनच गेलं. दार बंद असलं की माझ्या तोंडून असंच निघतं.

संध्याकाळी ५
आणि मग सुचलं. स्वयंउपचार! पॅनेल पडलं तर पडू दे. दोन सेकंदांत आपलं आपण उठेल. यादी कोरी, आकडा शून्य, स्क्रीन हसरी. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. मूळ कोडला हात लावायची गरजच नाही. साहेबांना कळवलं की पॅनेल आता बंद राहत नाही. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

घरच्या पॅनेलवरही हेच घातलं. नॉब राहिला.

१५ मार्च, शनिवार. दुपारी १२.३०
आज घरून काम. मीटिंगमध्ये व्यत्यय नको म्हणून पॅनेलचा आवाज बंद केलाय, हेडफोन लावलेत. सकाळपासून तीनदा नजर टाकली. तिन्ही वेळा शून्य. बाबांनी एकही हाक मारलेली नाही! दोन आठवड्यांत माणूस इतका रुळला. ताईला हे कळवायला हवं.

दुपारी २
ही बाहेरून आली तेव्हा बाबा आतून दार ठोकत होते. नॉब फिरत राहिला, दार काही उघडेना. चाळीस मिनिटं आत. घामाने भिजले होते. त्यांना बाथरूमला जायचं होतं. यापुढे लिहीत नाही.

मी नऊ फुटांवर होतो. पण हेडफोन होते. आणि बटण कशासाठी लावलंय? मी बाबांना विचारलं की बटण का नाही दाबलंत. ते म्हणाले, दाबलं. मी विचारलं, किती वेळा. म्हणाले, मोजलं नाही. मी त्यांना पॅनेल दाखवलं. शून्य. पॅनेल कशाला खोटं बोलेल, असंही म्हणालो.

त्यांनी पॅनेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी प्यायले. ही माझ्याशी बोलत नाहीये.

बहुधा बटणाऐवजी शेजारचा प्लग दाबत असतील.

१७ मार्च, सोमवार
साहेबांना घरच्या चाचणीचा अहवाल दिला. वापरणाऱ्याच्या हाका पहिल्या आठवड्यात दिवसाला चार, दुसऱ्यात शून्य. आलेखही काढला. छान उतरत गेलेली रेघ.

बाबांनी खोलीच्या दारात एक चप्पल अडकवून ठेवलीय, दार लागू नये म्हणून. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा. आता काही लागलं की पेला वाजवतात. ही लगेच उठते. घरात एवढी अद्ययावत यंत्रणा असताना पेला! मी हिला म्हटलं, हा माझ्या कामाचा अपमान आहे. ती म्हणाली, फुलीचा स्क्रूड्रायव्हर आणलास का?

१९ मार्च, बुधवार
शंकासुराने घरच्या पॅनेलचं मेमरी कार्ड मागितलं, नोंदी तपासायला. दिलं. कर नाही त्याला डर कशाला. संध्याकाळी तिची लांबलचक मेल. 'वाचायच्या' फोल्डरमध्ये टाकली. तिथे एकशे बारा मेल आहेत, तिचा नंबर लागेल.

२१ मार्च, शुक्रवार
ती आज टेबलाशी येऊन म्हणाली की मेल वाचली का. मी म्हटलं, वाचतोय.

मग म्हणाली की याच्यावर इलाज लायब्ररीत तयार आहे, एका ओळीचा. नावही पुरेसं स्पष्ट आहे: अनइनिशिअलाइज्ड कॉपी. ज्या जागेत अजून काहीच उभं नाही तिथे कॉपी करायची रीत. तिथे कुणाचं काही आवरत बसायचं नाही. एकेक हाक त्या उघड्या जागेवर नव्याने उभी करायची, तिच्या स्वतःच्या नावासकट. मध्येच एखादी उभी राहिली नाही, तर आतापर्यंत उभ्या केलेल्या तेवढ्या नीट उतरवायच्या आणि तसं सांगायचं.

मी म्हटलं, एवढंच ना, हे मीही लिहीन. लिहिलं. तासाभरात. तिने वाचलं आणि विचारलं की पाचवी उभी राहिली नाही तर तुम्ही आठही मोडताय. सहावी, सातवी, आठवी झालेल्याच नाहीत, त्यांचं काय मोडताय?

मी चहाला गेलो. अर्ध्या तासाने आलो तरी ती तिथेच उभी होती.

२४ मार्च, सोमवार
रोज कुणी ना कुणी विचारतं, होतंय ना, आणि मी म्हणतो, होतंय. साहेबांना होतंय, ताईला होतंय, हिला होतंय. आता झालं नाही म्हणायची सोयच उरलेली नाही. खरं लिहायचं तर पाचावर धारण बसलीय. हे पान फाडायचं.

दुपारी शंकासुराने कोडमधला एक बदल मंजुरीला पाठवला. तीन ओळी काढलेल्या, एक घातलेली. मीटिंगमध्ये होतो, न बघता 'मंजूर' दाबलं. क्षुल्लक बदल असतात तिचे. कुठे तरी जागा सोडलेली असते.

२६ मार्च, बुधवार. दुपारी ४
जिंकलो!! बारा खाटा, बारा बटणं, बारा हाका. नववी आली, दहावी आली, बारावी आली. नावं स्वच्छ. काळोख नाही. मोठ्या नर्सबाई म्हणाल्या की छान आहे. साहेबांनी पाठ थोपटली. मी चार शब्द बोललो, की घरचा कोड घरचाच असतो, फक्त त्याच्यावर विश्वास लागतो. शंकासुर मागे उभी राहून वायरी गुंडाळत होती. जाताना म्हणाली, सर, मेल तेवढी वाचा. अजूनही मेलचंच!

खरं तर मला स्वतःलाही आश्चर्य वाटलं. स्वयंउपचाराची गरजच पडली नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. म्हणाले, चांगलं झालं. मग म्हणाले की रविवारी ताईकडे जातो. महिना झाला.

मी म्हटलं, अजून चार दिवस आहेत.

२८ मार्च, शुक्रवार
मेल वाचली.

पहिला भाग, नववीला काय होतं ते. त्याच्याच उत्तरात तिने सोमवारी लिहिलं होतं की मी पेटाऱ्यातली कॉपी काढून लायब्ररीची ती ओळ घातली आहे, कृपया तपासून मंजूर करा. म्हणजे बुधवारी जे चाललं ते तिचं. ठीक आहे. मंजुरी माझी होती.

दुसरा भाग, आमच्या घरच्या कार्डावरच्या नोंदी. यादी कोरी झाली तरी कार्डावर सगळं लिहिलं जातं, हे मी विसरलो होतो. ते मीच घातलं होतं, नऊ वर्षांपूर्वी.

१५ मार्च. पहिली हाक १२.०८. शेवटची १२.४६. एकूण चोपन्न. बाबा सलग दाबायचे, थकायचे, थांबायचे. दर खेपेला नववीला पॅनेल पडलं, उठलं, शून्यावर जाऊन बसलं. सहा वेळा. चोपन्नच्या चोपन्न ओळींत एकच नाव. माझी १२.३० ची वहीतली नोंद त्याच्या मधोमध येते.

खाली तिने विचारलंय की सर, त्या दिवशी घरी सगळं ठीक होतं ना.

संध्याकाळी ६
बाबांना सांगायला गेलो. ते शर्ट घडी करत होते. सायकलवरचा एकेक काढून. मी म्हटलं, बाबा, ते त्या दिवशीचं. ते म्हणाले, चष्म्याची डबी कुठे दिसली का रे? खाटेखाली होती. काढून दिली. मग म्हटलं, ताईकडे दमट हवा असते, जपा. आलो बाहेर.

उद्या सांगतो.

३० मार्च, रविवार. सकाळी १०.३०
बाबांना घेऊन ही ताईकडे गेली. मी घरी थांबलो, कारण पॅनेलवर नवा कोड घालायचाय. म्हणजे बाबांना परत यावंसं वाटलं तर सगळं तयार असेल.

निघताना दारात सांगितलं. आयत्या वेळी, गाडी खाली उभी असताना. म्हटलं, बाबा, तुम्ही चोपन्न वेळा दाबलं होतंत, चूक यंत्रणेत होती. ते चप्पल घालत होते. म्हणाले, चाळीस वर्षं लोकांची हीच तक्रार ऐकली, घंटी लागत नाही म्हणून. खांबावर चढून बघायचो. लाइन बहुतेक वेळा ठीकच असायची. पलीकडे कुणी नसायचं.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, येत जा.

हिला मात्र बजावून ठेवलं की परत आल्यावर पॅनेलवर भरमसाट आकडा दिसला तर गोंधळू नकोस, टेस्टिंग आहे.

११.४०
नवा कोड घातला. बाबांच्या खोलीत बसून दाबतोय, निकाल लिहायला वही घेतलीय. उघड्या दारातून पॅनेल दिसतं. नऊ, ठीक. सतरा, ठीक. तेहतीस, ठीक. चौसष्ट. सगळ्या हाका आहेत, एकही गेली नाही. सुंदर चालतंय. तिची ओळ खरंच एकच आहे.

खोली फार मोठी वाटतेय. कपाटाचं दार पूर्ण उघडायला गेलो तर ते खाटेला अडतं. महिनाभर अडतच असणार. बाबा काही बोलले नाहीत.

११.५५
वाऱ्याने दार लागलं. चप्पल नव्हती अडकवलेली. ती बाबांच्या पायात गेली.

नॉब गोल फिरतोय.

१२.३०
फोन पॅनेलशेजारी. फुलीचा स्क्रूड्रायव्हर अखेर काल आणला, तोही पॅनेलशेजारी. तिसरा मजला, खिडकीला गज. घाबरण्यासारखं काही नाही. ठराव: शांत राहायचं. बटण दाबलं. पासष्ट असणार.

१.२०
बाथरूमला जायचंय.

१.४०
ही आली! किल्ली वाजली. मी हाक मारली. ती फोनवर ताईशी बोलत होती, आणि तेवढ्यात कपडे धुवायचं मशीन सुरू केलंन्. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. नऊ वेळा, दहा वेळा, वीस वेळा. एकही पडली नसणार. दाराला कान लावला. तिचं शेवटचं वाक्य ऐकू आलं: बाबांना म्हणावं, काळजी नको, ह्याचं मजेत चाललंय, पॅनेलवर पंच्याऐंशी झालेत.

मग स्वयंपाकघराचं दार लागलं.

१.५५
पॅनेलचा आवाज मी १५ तारखेला बंद केला, तो अजून बंदच आहे.

पेला टेबलावर आहे. बाबांनी धुऊन पालथा घातलाय, शेजारी चमचा. दारावर वाजवून पाहिलं, आवाज मेल्यासारखा येतो. मग उशाकडच्या भिंतीपाशी गेलो. जिथे ते रोज बटण शोधायचे तिथे रंगाचे पोपडे उडालेत, पेल्याच्या कडेएवढे गोल, बरेच. पलीकडे स्वयंपाकघर आहे. इथे वाजवलेलं ऐकू जातं हे त्यांना कळलं होतं.

मीही तिथेच वाजवतोय.